निवळताना

जलतरंगाचे पेले आमच्याकडे स्वयंपाकघरात असायचे. बाहेरच्या खोलीत ठेवले की हंगामात समोरच्या जिनातून, सरकी काढायच्या कारखान्यातून, उडत आलेला कापूस त्यांच्यात बसायचा, आणि ओल्या चिनी मातीला चिकटलेला कापूस निघता निघत नाही. म्हणून आईने फळीवरची सगळ्यात वरची ओळ त्यांना देऊन टाकली होती. मोठ्या वाडग्याएवढ्या पेल्यापासून कुंकवाच्या करंड्याएवढ्या पेल्यापर्यंत चौदा पेले, आणि त्यांच्या खाली आमच्या पितळी वाट्या, गडवे, परात. नवी शेजारीण आली की तिला वाटायचं, या घरात चहाचं फारच प्रस्थ दिसतं. आई त्यांना 'सुमनचे कप' म्हणायची आणि दर शनिवारी चुलीची राख लावून स्वतः घासायची. मला घासू द्यायची नाही. मी वाजवताना एखादा फोडला तर चालेल, घासताना फोडलेला तिला चालला नसता.

घर भाड्याचं, वर्ध्यात, बोरगावच्या रस्त्याला. दोन खोल्या, पुढे पडवी, वर टिनं. रस्त्यापलीकडे जिन. दिवाळीनंतर ते सुरू झालं की उन्हाळा लागेपर्यंत दिवसभर इंजिनाची घरघर भिंतीतून, पाटातून, माठातल्या पाण्यातून यायची. आम्हाला ती ऐकू येत नसे, इतकी अंगवळणी पडलेली. ऐकू यायचं ते इंजिन थांबल्यावर. दुपारच्या सुटीला ते थांबलं की आई हातातली भाकर तशीच हातावर ठेवून म्हणायची, "आता पाहा, कान कसा मोठा होते." तिला संगीतातलं काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ती देवळीकडच्या शेतकरी घरातली, तीन इयत्ता शिकलेली. आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, गोळाभात यांत तिचा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नव्हतं, आणि बाबांच्या दिलरुब्याला ती 'तुमचं ते रडणं' म्हणायची. बाबा हसायचे. पण बाबांनी पुढे जे केलं ते सगळ्यांआधी तिला समजलं, हे मी आज लिहून ठेवते. तेव्हा ते मान्य करायची माझी तयारी नव्हती.

बाबा कचेरीत नकला विभागात कारकून होते. निकालपत्रांच्या आणि जमिनीच्या कागदांच्या नकला सुंदर अक्षरात उतरवायच्या, हे त्यांचं काम. एकदा बदली होऊन चाललेल्या एका साहेबांच्या सामानाची यादी करायला त्यांना बंगल्यावर बोलावलं होतं. सामानात ग्रामोफोन होता आणि रेकॉर्डींचा गठ्ठा. त्यातल्या एका रेकॉर्डीवरचा नावाचा कागद निघून गेला होता, म्हणून यादीत काय लिहू असं बाबांनी विचारलं, तर साहेबांनी ती लावूनच दाखवली. विलायती वाद्यवृंद होता. बाबा आम्हाला पुढे कितीदा तरी सांगायचे की पन्नास-साठ माणसं मिळून जवळजवळ काहीच वाजवत नव्हती. एकच सूर धरलेला, आणि संध्याकाळी भिंतीवरचं ऊन बदलतं तसा तो बदलत जाई. बाबांनी ती रेकॉर्ड तीनदा ऐकली. पुढचा भाग दुसऱ्या रेकॉर्डीवर होता आणि ती तडकलेली निघाली. साहेब गमतीने म्हणाले की उरलेलं आता तुम्हीच रचा. साहेब बदलीच्या गावी गेले आणि ती गंमत विसरलेही असतील. बाबांनी ती गंमत म्हणून घेतलीच नाही.

दोन वर्षं ते त्यावर बसले. कचेरीतून आले की हातपाय धुऊन, फोडणीचे मुरमुरे खाऊन पडवीत दिलरुबा घेऊन बसायचे. आमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ होई. आई घागरीत तुरटी फिरवून ठेवायची आणि मग दुपारपर्यंत कोणाला घागरीला हात लावू द्यायची नाही, हलवलं की सगळं पुन्हा वर येतं म्हणून. बाबांना त्यांची रचना तशी हवी होती. सुरुवातीला नऊ वाद्यं एकमेकांत मिसळलेली, गढूळ. मग एकेक खाली बसत जाणार, एकेक गप्प होणार, आणि शेवटी क्लॅरिनेटचा एकच स्वच्छ सूर उरणार. तोही नंतर नाही. नाव त्यांनी 'निवळताना' ठेवलं. तेवीस मिनिटं लागायची. तबला नाही, ठेकाच नाही. मात्रांऐवजी त्यांनी श्वास मोजले होते. माझ्या कागदावर 'सहा श्वास थांब, मग षड्ज, हलका' असं लिहिलेलं असे. नऊ वादकांचे नऊ संच मीच उतरवले, कारण माझं अक्षर त्यांच्यासारखं होतं. मी सतरा वर्षांची होते, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. जलतरंग त्यांनीच शिकवलेला. त्या रचनेत जलतरंगाला काम फार थोडं होतं, पण सगळ्यांना वाट दाखवणारं होतं. माझा एक टोला पडला की एक वाद्य थांबणार. मी चुकले तर सगळे चुकणार.

माणसं जमवली ती अशी. सारंगीला पोस्टातले एक निवृत्त गृहस्थ, बासरीला एक शाळामास्तर, व्हायोलिनला कचेरीतले दोघे, बाकी असेच इकडचे तिकडचे. क्लॅरिनेट मात्र कोणाकडे नव्हतं. ते लग्नाच्या बँडमध्ये. बाबा एका वरातीच्या मागे स्टेशनपर्यंत चालत गेले आणि बँडमधल्या दौलतकाकांना घरी यायचं आमंत्रण देऊन आले. दौलतकाका चाळिशीचे, काळेसावळे, गालांवर फुंकून फुंकून पडलेल्या रेषा. पहिल्या रविवारी ते पडवीच्या पायरीवर बसले आणि आत या म्हटलं तरी येईनात. बाबांनी त्यांच्या हाताला धरून सतरंजीवर आणलं. आमच्या घरात त्यांचा चहाचा कप वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. बाबांना ते आवडत नसे, पण त्यांनी तो उचलून इतरांत मिसळला, असंही झालं नाही. तो आईनेच एक दिवस मिसळला. कधी ते माझ्या लक्षातही आलं नाही. एका रविवारी खिडकी रिकामी दिसली, एवढंच.

त्या रविवारच्या दुपारी आठवल्या की मला अजून जेवणाचा वास आधी येतो. आई सगळ्यांसाठी पाटवड्या आणि रस्सा करायची, ज्वारीच्या भाकरी, कांदा, आणि शेवटी गुळाचा चहा. मग सतरंजीवर नऊ माणसं बसायची. टिनांवर पारवे घुमायचे. स्टेशनात इंजिन डबे ढकलायचं. बाबा म्हणायचे, ते आवाज येऊ द्या, त्यांना जागा आहे. दौलतकाकांना शेवटचा सूर पहिल्यांदा धरायला सांगितला तेव्हा त्यांनी चार श्वासांत सोडून दिला आणि कोणी काही म्हणेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. बाबा म्हणाले, धरा, कोणी मागे लागलेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारी तो सूर असा लागला की सारंगीवाले गृहस्थ डोळे पुसायला लागले. दौलतकाका क्लॅरिनेट मांडीवर ठेवून म्हणाले, "बाबूसाहेब, बावीस वर्षं झाली मी वाजवून राह्यलो. मले आजवर कोनी थांबू देल्लं नाई. लोक म्हन्तात, पुढे चल, जलद वाजव." आई दारात उभी होती. ती मला आत आल्यावर म्हणाली की जिन बंद झाल्यावर होते तसं झालं आज. मला त्या दिवशी तिचा राग आला होता. मला वाटत होतं, हे समजायचा हक्क माझा आहे.

गावातल्या एका कलामंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता, शाळेच्या मैदानात मांडव घालून. संध्याकाळी पाचला सुरू होऊन जेवणवेळेआधी संपणारा. बाबांच्या वाद्यवृंदाला अर्धा तास मिळाला. आधी शाळेतल्या मुलींचा गरबा, नंतर नकलांचा कार्यक्रम, मध्ये आम्ही. बाबा आठ दिवस धड जेवले नाहीत. दौलतकाकांनी पांढरा सदरा शिवून घेतला. बँडचा लाल कोट घालून चालेल का असं त्यांनी विचारलं होतं, आणि बाबा म्हणाले होते की तो कोट नको, आज तुम्ही वरातीत नाही. ते बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. त्या दोघी मांडवाच्या अगदी मागे, खांबाजवळ उभ्या राहिल्या. पुढे खुर्च्यांवर अध्यक्ष होते, कापसाचे मोठे व्यापारी, मंडळाला वर्गणी देणारे. तिसऱ्या रांगेत माझ्या कॉलेजातल्या मुली. त्यांना मीच या म्हणून सांगितलं होतं.

पडदा वर गेला. बाबांनी डोळे मिटले आणि आम्ही सुरू केलं. पहिली दोन-तीन मिनिटं लोक शांत होते. पण ती शांतता सुरुवात व्हायची वाट पाहणारी होती. मग कुजबुज झाली. मग कोणाचं तरी पोर रडलं. मग मागून एक आवाज आला, चांगला खणखणीत, "अबे, हे अजून सूरच लावून राह्यले का?" आणि मांडव हसला. लोक दुष्टपणाने हसले असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच तसं वाटलं. मग दुसरा म्हणाला, झालं असेल जुळवून तर वाजवा आता. पुन्हा हसू. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. माझ्या मैत्रिणींपैकी एकीने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

गेल्या हिवाळ्यात माझी नात मला नागपूरला एका मोठ्या सभागृहात घेऊन गेली. परदेशातून आलेला वाद्यवृंद होता. त्यांनी अर्धा तास एक संथ रचना वाजवली, हल्लीच्याच कोणा संगीतकाराची, बहुतेक वेळ एकाच सुराभोवती. बाराशे माणसं श्वास रोखून बसली होती. कोणी खोकलं नाही. संपल्यावर लोक क्षणभर टाळ्या वाजवायचे विसरले आणि मग उभे राहिले. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, आपल्याकडे असं कधी होणार. नातीने विचारलं, आजी, झोप लागली होती का? मी म्हटलं, हो, थोडी. हे लिहिताना माझा राग कोणावर आहे तेच मला कळत नाही. त्या बाराशे माणसांवर असावा. त्यांतले कितीतरी जण त्या मांडवातल्या लोकांचे नातू असतील.

त्या संध्याकाळी मला सगळ्यांत जास्त राग आला तो बाबांचा. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. ते डोळे मिटून वाजवत होते आणि त्यांच्या तोंडावर सुख होतं. त्यांना हसू ऐकू येत नव्हतं, किंवा येत असलं तरी पारव्यांच्या घुमण्यासारखं, जागा दिलेल्या आवाजासारखं येत होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी बाबांची लाज राखायला ते केलं. ते खोटं आहे. बाबांना लाज वाटतच नव्हती. लाज मला वाटत होती, माझी.

चौदा-पंधरा मिनिटं झाली होती. सारंगी आणि एक व्हायोलिन गप्प झालं होतं. माझ्या कागदावर लिहिलं होतं, आठ श्वास थांब. मी तीन मोजले आणि टोला मारला. बासरी दचकून थांबली. मी पुन्हा मारला. मग माझे दोन्ही हात सुटले. कोणत्याही भजनी मंडळात वाजते तसली एक उडती धून मी धरली आणि पेल्यांवर 'झाला' सुरू केला, जलद टोल्यांची सर, खालपासून वरपर्यंत, वरपासून खालपर्यंत. नकलांच्या कार्यक्रमाचा ढोलकीवाला पडद्याआड बसला होता. त्याने तिथूनच ठेका धरला आणि वाजवत वाजवत मंचावर येऊन माझ्या शेजारी बसला. मांडवात आधी हुंकार उठला, मग टाळ्यांचा ताल. मागचे लोक पुढे आले. व्हायोलिनं गोंधळून माझ्यामागे आली. बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. तिथे राग असता तर मी आयुष्यभर त्या रागाशी भांडले असते. पण त्यांनी फक्त पाहिलं, जिना उतरताना अंधारात एक पायरी कमी निघाली की माणूस पाहतो तसं. मग त्यांनी गज उचलला आणि माझ्या धुनेत दिलरुबा मिसळला. मंचावर कोणी एकटं पडू नये, ही त्यांची शिकवण होती. ती त्यांनी माझ्यासाठीसुद्धा पाळली.

फक्त दौलतकाकांनी वाजवलं नाही. ही असली धून त्यांच्याइतकी सराईतपणे त्या गावात कोणी वाजवली नसती. ते क्लॅरिनेट उभं मांडीवर धरून बसले होते, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, आणि समोर पाहत होते.

चार मिनिटांत मी तिहाई घेऊन संपवलं. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. अध्यक्ष स्वतः मंचावर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "ये हुई ना बात. बिटिया, इतनी देर से कहाँ थी?" पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. देवळीला गणपतीत त्यांच्या ओळखीच्या मंडळात माझा स्वतंत्र कार्यक्रम ठेवायचा, असं त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं. बाबांनी हात जोडले. मीही जोडले. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला फार आनंद झाला होता. तोही लिहायला हवा.

मंचामागे दौलतकाका क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून एकेक फडक्याने पुसत होते. मी पेले भरत होते, चिंध्यांत गुंडाळून पेटीत. त्यांची बायको आणि आई कनातीच्या फटीतून आत आल्या. म्हातारीला कमी दिसत असावं. तिने मुलाच्या सदऱ्याची बाही चाचपली आणि विचारलं, "तुह्यं कवा हाय रे बापू?"

"झालं न, मा," दौलतकाका म्हणाले. "वाजवलं मी. तुले ऐकू नाई आलं?"

"आलं असन," म्हातारी म्हणाली. "लय गलका होता."

त्यांनी पेटी बंद केली, बाबांना नमस्कार केला आणि ते तिघे मैदानातून निघून गेले. पुढच्या रविवारी आईने सवयीने नऊ जणांच्या पाटवड्या केल्या. कोणीच आलं नाही. आम्ही तिघांनी त्या दोन दिवस खाल्ल्या.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई परातीत पीठ मळत होती आणि मी पाणी भरत होते, तेव्हा ती वर न पाहता म्हणाली, "मुद्दाम केलं ना तू?"

मी म्हटलं, घाबरले होते, हात सुटला.

"घाबरलेलं मानूस थांबते, सुमन. तू थांबली नाई."

एवढंच. हा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. बाबा कचेरीत लोकांना सांगत होते की शेवटी द्रुत ठेवायचं हे आधीच ठरलं होतं, पोरीने छान निभावलं. मी मुद्दाम केलं ते त्यांना खरंच माहीत नव्हतं, की ते मला झाकत होते, हे मी त्यांना विचारू शकले असते. ते त्यानंतर सतरा वर्षं जगले. मी विचारलं नाही.

देवळीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी मला सहा धुना बसवून दिल्या. घरात कागद नव्हता असं नाही, पण त्या त्यांनी 'निवळताना'च्या संचांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिल्या. एका बाजूला माझ्या अक्षरात 'सहा श्वास थांब', दुसऱ्या बाजूला त्यांच्या अक्षरात जलद तीनताल. मी सराव करताना पान उलटायचं टाळायची. देवळीला आम्ही बसने गेलो. पेल्यांची पेटी त्यांनी मांडीवर घेतली होती, टपावर टाकू दिली नाही. मंडपात पोचल्यावर ते पेल्यांत चमच्याने पाणी घालून, काढून सूर जुळवत बसले आणि मी शेजारी बसून कानातल्या फुलांची फिरकी घट्ट करत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, बाबा, सुरुवातीला दोन मिनिटं सावकाश वाजवू का, नुसते सूर? त्यांनी चमचा पेल्याच्या काठावर टेकवला. "नको," ते म्हणाले. "लोक उठतात." आणि पुढच्या पेल्यातलं पाणी कमी करायला लागले.

मग हिंगणघाट झालं, आर्वी झालं, पुलगाव झालं. दोन वर्षं 'जलतरंगवाली मुलगी' म्हणून मला माणसं ओळखायची. माझं लग्नही त्यातूनच जमलं. होणाऱ्या सासऱ्यांनी मला आर्वीला ऐकलं होतं आणि त्यांना मी फार आवडले. लग्नानंतर मंचावर बसणं शोभणार नाही, हे त्यांनी बैठकीतच अगदी सौम्यपणे सांगितलं. बाबा हो म्हणाले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पेले माझ्याबरोबर सासरी आले, आणि वर्षभरातच त्यांतले मोठे दोन सासूबाईंनी लोणच्याला घेतले. मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

लग्न वर्ध्यालाच झालं. बँड मामाने ठरवला होता आणि तो दौलतकाकांचाच निघाला. मांडवाबाहेर लाल कोटात त्यांना पाहिलं तेव्हा बाबा पुढे झाले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. पंगतीला त्यांना आत बसवायचं बाबांच्या मनात होतं, पण पाहुण्यांत कुजबुज झाली आणि बँडवाल्यांची पानं शेवटी मागच्या अंगणात मांडली गेली. मी डोक्यावरचा शालू सावरत जिलबीचं ताट घेऊन तिकडे गेले. सगळे थक्क झाले, नवरी मुलगी वाढायला आली म्हणून. दौलतकाकांच्या पानाशी मी वाकले आणि हळूच म्हटलं, काका, माझं चुकलं. दोन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य ते. त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला.

"कायचं, बाई?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी मला तेवढंही देऊ केलं नाही, किंवा त्यांना ते खरंच पुन्हा उकरायचं नव्हतं. मी तशीच उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "आता वरात निंगन. कोनतं वाजवू, तू सांग. आज तुह्या मनासारखं."

मला एकच गोष्ट सुचत होती आणि ती सांगायचं धाडस झालं नाही. मी मान खाली घातली.

"मंग जलदच वाजवतो," ते म्हणाले. "लोकायले तेच बरं वाट्टे."

आणि त्यांनी वाजवलं. मांडवातून निघालो तशी त्यांनी एक नाचरी धून धरली. नवऱ्याकडची पोरं नाचायला लागली, वरात दहा पावलं जाऊन रस्त्यातच अडली. शेल्याची गाठ बांधलेली आम्ही दोघं मधोमध उभे. माझ्यापुढे चार हातांवर त्यांची पाठ होती, लाल कोट घामाने काळा पडलेला. माझा नवरा तोवर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो थोडा वाकला आणि म्हणाला, "फार सुंदर वाजवतो हा क्लॅरिनेटवाला. तुमच्या ओळखीचा आहे का?"

मी मानेनेच नाही म्हटलं.